ॲलर्जिक दमा: डॉक्टरांनी घर विचारावे, पेशंटने घर सांगावे

"घरात धूर होतो का?" असे विचारले की बहुतेक पेशंट लगेच "नाही" म्हणतात. घरी गॅस आहे, कोणी सिगारेट ओढत नाही, मग धूर कुठला? पण तोच प्रश्न जरा वेगळा विचारून बघा. सकाळी देवापुढे काय लावता? संध्याकाळी डासांसाठी काय करता? अंघोळीचे पाणी कशावर तापते? मग उत्तर बदलते. रोज दोन अगरबत्त्या, अमावस्येला गोवरीवर धूप, रात्री कॉइल आणि मागच्या अंगणात लाकडाचा बंब.

पेशंट खोटे बोललेला नसतो. त्याच्या भाषेत धूर म्हणजे चुलीचा किंवा विडीचा. देवापुढचा तो धूप आणि बाळाला देतात ती धुरी. आपण चुकीचा शब्द वापरला, म्हणून चुकीचे उत्तर मिळाले.

या लेखात मला एकच मत मांडायचे आहे. ॲलर्जिक दम्याचे निदान स्टेथोस्कोप आणि रक्ताच्या रिपोर्टवर पूर्ण होत नाही. पेशंटच्या घरात काय जळते, काय शिजते, कोण झाडते, कोणाला काय सांगायची लाज वाटते, हे कळल्याशिवाय लिहिलेली चिठ्ठी अर्धीच असते. ती पूर्ण करायची जबाबदारी आधी डॉक्टरची आणि मग पेशंटची आहे.

हा विषय किरकोळ नाही. २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत. जगातल्या दमा रुग्णांपैकी हे साधारण १३ टक्के. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंमध्ये आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त आहे. परिणामकारक औषधे आपल्याकडे मिळतात. तरीही माणसे दगावतात, कारण निदान उशिरा होते, औषध मध्येच सोडले जाते किंवा सुरूच केले जात नाही. यातली बरीच कारणे घरात आणि मनात असतात.

ॲलर्जिक दमा म्हणजे काय?

थोडक्यात सांगतो. काही जणांचे शरीर धुळीतले सूक्ष्म किडे, परागकण, बुरशी, झुरळांचे अवशेष, मांजर-कुत्र्याच्या त्वचेचा कोंडा अशा निरुपद्रवी गोष्टींना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. पुन्हा तोच पदार्थ श्वासातून आत गेला की श्वासनलिका सुजतात, आकसतात, आत चिकट स्राव होतो. मग खोकला, छातीत घरघर, धाप आणि छाती आवळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसतात. ती बहुधा रात्री किंवा पहाटे वाढतात, येतात आणि जातात. जोडीला शिंका, नाक चोंदणे, डोळे खाजणे हेही बऱ्याचदा असते.

"दमा" म्हणायला आपण का घाबरतो?

आपल्याकडे दमा म्हटले की खाटेवर बसून रात्रभर खोकणारे आजोबा डोळ्यांसमोर येतात. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलीला दमा आहे म्हटले की आई-वडिलांना धक्का बसतो. "आमच्यात कुणालाच नाही हो!" हे पहिले वाक्य असते. दुसरे वाक्य बोलले जात नाही, पण ते लग्नाबद्दल असते.

मग सगळे मिळून दुसरे शब्द शोधतात. ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस, बालदमा, कफाची प्रकृती, "हवा बदलली की होतं जरा". यात डॉक्टरही सामील असतात. पेशंट दुखावू नये म्हणून शब्द सौम्य केला की उपचारही सौम्य होतात. कफाच्या प्रकृतीसाठी कोणी वर्षभर औषध घेत नाही, दर महिन्याला अँटिबायोटिक आणि कफ सिरप घेतात.

माझे मत असे की डॉक्टरने दमा हा शब्द स्पष्ट वापरावा, पण शब्द वापरून लगेच पुढच्या पेशंटकडे वळू नये. हा आजार संसर्गजन्य नाही, मुलगी खेळू शकते, शिकू शकते, लग्न करून आई होऊ शकते, हे त्याच बैठकीत सांगावे. त्यासाठी पाच मिनिटे जास्त द्यावी लागतात. ती दिली नाहीत तर पुढची पाच वर्षे वाया जाऊ शकतात.

लक्षणे सांगण्याची भाषाही घरागणिक वेगळी असते. कोणी "दम लागतो" म्हणते, कोणी "धाप लागते", कोणी "छाती भरते", तर लहान बाळाची आई म्हणते "पोट उडतंय". छातीत शिट्टी वाजते का, असे विचारले तर अनेकांना काही कळत नाही. कबुतर घुमल्यासारखा किंवा मांजर गुरगुरल्यासारखा आवाज येतो का, असे विचारले की मान हलते.

टेस्ट काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

दम्याच्या निदानासाठी स्पायरोमेट्री ही फुंकर मारायची तपासणी महत्त्वाची. आधी एकदा फुंकायचे, मग पंपाचे औषध देऊन १५ मिनिटांनी पुन्हा. मोठ्या माणसात पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याला दुजोरा मिळतो. इथे तुमची तुलना तुमच्याशीच होते, हे तिचे बलस्थान. मात्र एखाद्या दिवशी ही तपासणी नॉर्मल आली म्हणजे दमा नाही असे नाही, कारण दमा येतो-जातो.

ॲलर्जी कशाची, हे शोधायला त्वचेवरची प्रिक टेस्ट किंवा रक्तातली आयजीई तपासणी करतात. प्रिक टेस्टमध्ये १५ ते २० मिनिटांत गांधी उठते. गोऱ्या कातडीवर लालसरपणा पटकन दिसतो, सावळ्या कातडीवर तो लपतो. म्हणून फक्त रंग न बघता गांधीचा फुगवटा बोटाने चाचपून मोजावा लागतो. या टेस्टआधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा.

एक मोठा गैरसमज इथेच दूर करू. टेस्टमध्ये धूप, अगरबत्ती, फोडणीचा ठसका, फटाके, अत्तर हे काहीच दिसत नाही, कारण ही ॲलर्जी नसून जळजळ आहे. सुजलेल्या श्वासनलिकेला धूर झोंबतो. टेस्टमध्ये फक्त धुळीतले किडे निघाले म्हणून "मग अगरबत्ती चालेल" असा अर्थ काढू नका. याउलट, टेस्टमध्ये एखादी गोष्ट पॉझिटिव्ह आली पण तिच्यामुळे तुम्हाला कधीच त्रास झाला नसेल, तर ती सोडायचे कारण नाही. रिपोर्ट आणि घरातला अनुभव जुळला तरच त्याला अर्थ आहे.

दम्यासारखे दिसणारे इतर आजारही विसरू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी आधी. आणि गॅलरीत कबुतरे असतील, रोज दाणे टाकत असाल, तर तेही सांगा. कबुतरांच्या विष्ठेमुळे आणि पिसांमुळे फुप्फुसाचा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा वेगळाच आजार होऊ शकतो. तो दमा समजून नुसते पंप देत राहिले तर फुप्फुस कायमचे कडक होऊ शकते. मुंबईत २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद झाला ते आपण पाहिले. दाणे टाकणे काहींसाठी जीवदयेचे पुण्यकर्म आहे. डॉक्टरने "कशाला नाद करता?" असे हिणवून विचारले तर पेशंट पुढच्या वेळी ही गोष्ट सांगणारच नाही, आणि निदान चुकेल.

धूप, धुरी, कॉइल आणि बंब

"अगरबत्ती बंद करा" एवढे सांगणे सोपे आहे. पण पन्नास वर्षे पूजा करणाऱ्या आजींना असे सांगितले की त्या डॉक्टर बदलतात, अगरबत्ती नाही. श्रद्धा आणि धूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ओळखून बोलले तर मार्ग निघतो. तेला-तुपाचे निरांजन, ताजे फूल, चंदनाचे गंध यांनी पूजेत काही कमी पडत नाही. अगरबत्ती लावायचीच असेल तर दमा असलेली व्यक्ती दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी. गणपतीच्या दहा दिवसांत घरात धूप आणि माणसांची गर्दी दोन्ही वाढते. तेव्हा आरतीला मुलाला दाराजवळ, मोकळ्या हवेत उभे करा. घंटा त्याच्याच हातात द्या, म्हणजे त्याला बाजूला काढल्यासारखे वाटणार नाही.

बाळ-बाळंतिणीची शेक-शेगडी आणि धुरी हा नाजूक विषय. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून बाळाला धुरी देतात. हेतू मायेचा असतो. पण बाळाच्या श्वासनलिका अगदी अरुंद असतात, धूर त्यांना सोसत नाही, आणि बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. ऊब हवी असेल तर गरम कपडे, आईच्या अंगाची ऊब, बाळंतिणीला गरम पाण्याची पिशवी. मालिश खुशाल करा. धुरी मात्र नको, इथे मी तडजोड करणार नाही.

डासांच्या कॉइलबद्दल बहुतेकांना कल्पना नसते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचे आढळले. खिडक्या लावून, कॉइल पेटवून मुलांना त्या खोलीत झोपवणे म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. मच्छरदाणी हा आपल्या घराघरातला जुना, स्वस्त आणि धूर नसलेला उपाय आहे.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि अनेक घरांत गॅस पोहोचला. तरी भाकरी चुलीवरची आणि पाणी बंबातले, अशी घरे अजून आहेत. सिलिंडर पुरवून वापरायचा असतो, हेही कारण असते. अशा घरात "चूल बंद करा" हा सल्ला कागदावरच राहतो. चूल निदान उघड्या पडवीत हलवता येईल का, ज्या सुनेला दमा आहे तिच्याऐवजी दुसरे कोणी फुंकू शकेल का, हे विचारावे. आणि हे तिच्या एकटीसमोर नव्हे, सासू आणि नवरा दोघांनाही समोर बसवून विचारावे.

गाद्या, गोधड्या आणि दिवाळीची साफसफाई

पावसाळ्यात घर दमट होते, धुळीतले किडे आणि बुरशी वाढते. त्यातच नवरात्र-दिवाळीच्या आधी माळे उतरवले जातात, रंगकाम होते, नंतर फटाके आणि थंडी. दमा असलेल्या बाईवर हे सगळे एकदम येऊन पडते, कारण झाडणारी तीच. घर आवरायला आमचा विरोध नाही. फक्त दमा असलेल्याने माळा काढू नये. झाडूऐवजी ओले फडके वापरावे. पांघरुणे आणि अभ्रे आठवड्यातून एकदा, शक्यतो ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. कापसाच्या गाद्या आणि गोधड्या कडक उन्हात टाकायची आपली जुनी सवय उत्तम आहे, कारण किड्यांना कोरडेपणा आणि उष्णता सोसत नाही. मात्र त्या झटकायचे काम दुसऱ्याने करावे.

घराबाहेरही एक उपद्रवी पाहुणा आहे, गाजर गवत म्हणजेच काँग्रेस गवत. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेले हे गवत आता देशभर पसरले आहे. त्याच्या परागकणांनी नाकाची ॲलर्जी आणि दमा बळावतो, हात लावल्यास त्वचेला खाज सुटते. शेतात, प्लॉटवर ते उपटायचे तर फुलायच्या आधी, आणि दमेकऱ्याने उपटू नये.

दही, केळी, पेरू: थंड की गरम?

आपल्याकडे दमा झाला की पहिली गदा ताटावर येते. दही बंद, केळे बंद, भात रात्री नको, संत्री नको, मग दूधही कफकारक म्हणून बंद. खरे तर ॲलर्जिक दम्यात अन्न हे नेहमीचे कारण नाही. विनाकारण पथ्य पाळणारी मुले अशक्त राहतात आणि दमा तसाच राहतो. शे-दोनशे पदार्थांची यादी देणाऱ्या महागड्या रक्ततपासण्या अनेकजण घेऊन येतात. त्यातल्या आयजीजी प्रकारच्या तपासण्यांना अन्नाची ॲलर्जी ठरवण्यात काही अर्थ नाही.

पण पेशंट म्हणाला की "दही खाल्लं की हमखास रात्री खोकला येतो", तर त्याला हसू नये. दोन आठवडे वहीत लिहायला सांगावे: काय खाल्ले, कधी, त्रास किती झाला. खरोखर दरवेळी जुळले तर तेवढा एक पदार्थ टाळावा, बाकी ताट परत द्यावे. एखाद्या पदार्थाने लगेच ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, घसा आवळणे असे झाले तर मात्र ती खरी ॲलर्जी असू शकते. लगेच डॉक्टर गाठा.

पंपाची भीती

"पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचा उपाय", "आधी गोळीवर बघू ना". हे मी न ऐकलेला आठवडा नाही. थोडे गणित करू. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. एक गोळी म्हणजे ४० फवारे, आणि तेही सगळ्या शरीरात फिरून. मग जड औषध कोणते?

स्टेरॉइडच्या पंपाचेही तसेच. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट श्वासनलिकेत. तोंड येऊ नये म्हणून नंतर चूळ भरायची. सूज कमी करणारे हेच खरे उपचार आहेत. फक्त आराम देणारा पंप ओढत राहणे धोक्याचे आहे, आणि म्हणूनच २०१९ पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे मोठ्या माणसांना आणि किशोरवयीनांना तो एकटा देऊ नये असे सांगतात.

गणित पटले तरी लाज उरते. मुलगी कॉलेजमध्ये पंप लपवते, सून सासरी बाथरूममध्ये जाऊन ओढते. बाळ राहिले की घरचे पंप बंद करायला लावतात. खरे तर गरोदरपणात अनियंत्रित दम्याचा बाळाला असलेला धोका पंपाच्या औषधापेक्षा कितीतरी मोठा. पंप परस्पर बंद करू नका. अशा वेळी डॉक्टरने घरच्यांशी बोलावे. चष्मा लावणाऱ्या सुनेला आपण आजारी म्हणत नाही, मग पंप वापरणारीला का?

उपवास, रोजा आणि कॅप्सूल

दम्याचे रोजचे बरेच पंप दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे असतात. रमजानमध्ये ते सहरीच्या वेळी आणि इफ्तारनंतर सहज बसतात. पंपाने रोजा तुटतो का, यावर धर्मगुरूंमध्ये वेगवेगळी मते आहेत, ते आपल्या मौलानांना विचारावे. पण दम लागला तर पंप त्याच क्षणी घ्यायचा. आजारी माणसाला धर्मातच सवलत आहे. रमजान सुरू होण्याआधी दोन आठवडे भेटा, वेळापत्रक बसवून देता येते. एकादशी, नवरात्र, पर्युषण यांनाही हेच लागू.

पावडरच्या कॅप्सूलचे कवच बऱ्याचदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. कॅप्सूल गिळायची नसते, यंत्रात फोडून आतली पावडर ओढायची असते. तरी कोणाला खटकत असेल तर ते मोकळेपणाने सांगा, फवाऱ्याचा पंप हा पर्याय आहे. मनात शंका ठेवून औषध न घेण्यापेक्षा हे बरे.

मासा, खीर आणि निनावी पुड्या

दर जूनमध्ये मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला दम्यासाठी औषध भरलेला जिवंत मासा गिळवतात, कोजागिरीला खिरीतून औषध देतात. यांनी दमा बरा होतो असा शास्त्रीय पुरावा नाही. पण जाणाऱ्याला मूर्ख म्हणणे मला मान्य नाही. वर्षानुवर्षे त्रास सोसलेला माणूस आशेने जातो. माझी अट एकच: पंप बंद करून जायचे नाही. खरी भीती निनावी पुड्यांची. "पुडी घेतली की दोन दिवसांत आराम" असे झाले तर शंका घ्या, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. आयुर्वेद किंवा होमिओपॅथी घेत असाल तर लपवू नका, नावे लिहून आणा.

एक इशारा डॉक्टरांसाठीही

संस्कृती विचारात घेणे म्हणजे आडनाव बघून अंदाज बांधणे नव्हे. प्रत्येक ब्राह्मणाकडे धूप जळत नाही, प्रत्येक मुसलमान रोजा ठेवत नाही, खेड्यातली प्रत्येक बाई चूल फुंकत नाही. आणि प्रत्येक गोष्ट संस्कृतीच्या माथी मारायची नसते. पंप बंद करण्याचे कारण कधी श्रद्धा नसून महिनाअखेर रिकामा झालेला खिसा असतो. म्हणून गृहीत धरू नये, विचारावे.

पुढच्या भेटीला हे सांगा

- घरात जळणाऱ्या सगळ्या गोष्टी: अगरबत्ती, धूप, कॉइल, चूल, बंब
- त्रास कोणत्या महिन्यात, सणात, वेळी आणि जागी वाढतो
- घरात ओल, झुरळे, कबुतरे, मांजर, कुत्रा आहे का
- तुमचे आणि घरच्यांचे काम: पीठगिरणी, बेकरी, शेत, रंगकाम
- पाळत असलेली पथ्ये, उपवास आणि घेत असलेली इतर औषधे
- पंप किती वेळा चुकतो आणि का. सोबत पंप आणा आणि ओढून दाखवा

आणि हे मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. एक वाक्य सलग बोलता येत नाही, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते, पंप घेऊनही आराम नाही, ओठ किंवा जीभ निळसर दिसते, तर पंप घेत घेत थेट हॉस्पिटल गाठा. सावळ्या रंगात निळसरपणा चेहऱ्यावर कळत नाही, म्हणून ओठांच्या आतून आणि जिभेवर बघा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही सावळ्या कातडीवर कधीकधी आकडा थोडा जास्त दाखवते. आकडा बरा असला तरी माणूस धापत असेल तर आकड्यावर विसंबू नका. अशा वेळी वाफ, छातीला लेप किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे नको. १०८ ला फोन करा.